राधिकाच्या वयाची बाटली

१

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच तर मला वाईट वाटेल, कारण लोक ज्यावर पटकन विश्वास ठेवतात ती गोष्ट सांगण्यात मला कधीच मजा आलेली नाही. पण ही खरी आहे. वेस्ट टेक्सासच्या वाळवंटात ड्रिलिंगच्या चिखलाचा नुसता वास घेऊन खाली तेल आहे का पाणी, हे मी सांगायचो, तेवढी खरी.

"म्हणजे थाप," राधिका म्हणाली. आज तिच्या मुलीचं बारसं, त्यामुळे तिला सगळं माफ.

विषय काढला अनीशने. हा राधिकाच्या नवऱ्याचा, प्रथमेशचा, नागपूरच्या कॉलेजातला मित्र. बायकोला, सुमेधाला घेऊन क्युपर्टिनोहून खास बारशाला आलेला. जेवणं उरकली होती, आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या चिकट उकाड्यात आम्ही सगळे राधिकाच्या वडिलांच्या, अनिलच्या पॅटिओवर पंख्याखाली श्रीखंडाने जड होऊन बसलो होतो. या पठ्ठ्याने शेल्फवरची काळपट रिकामी बाटली उचलली.

"अनिलकाका, ही एवढी जपून का ठेवलीय? लतिकाकाकूंनी यात अजून मनी प्लँट कसा नाही लावला?"

लतिकाने आतल्या जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल रे. ताई वर आहे."

"ती बाटली नाही, पुरावा आहे," अनिल म्हणाला. "ठेव जागेवर. आणि ऐकायचंच असेल तर प्रल्हादकाकांकडून ऐक. केस त्यांनी सोडवली."

प्रल्हादकाका म्हणजे मी. अनिलच्या कुंपणाला लागून माझं घर. हे सगळे माझ्या भाच्यापुतण्यांच्या वयाचे, आणि मी या घरात फ्रीज न विचारता उघडतो.

"जाऊ द्या ना काका," प्रथमेश म्हणाला. "मावशी खाली आल्या तर?"

ही मावशी म्हणजे लतिकाची थोरली बहीण, शैलजाबाई. बँकेतून रिटायर झालेल्या, पुण्याहून बारशासाठी आलेल्या. त्या वर बाळाला निजवत होत्या. त्यांच्यासमोर या बाटलीचं नाव काढायचं नाही, हा या घराचा नियम आहे. नियम मीच घालून दिलाय.

"इतक्यात नाही येत," लतिका म्हणाली. "बाळ झोपलं की दुधाच्या बाटल्या उकळणार. सकाळपासून तिसऱ्यांदा. मला हात लावू देत नाही. म्हणते, तुझ्या हातच्या बाटलीला वास राहतो."

मग वेळ होता. मी टेबलावरचा पसारा बाजूला केला, बाळाच्या खोलीतला आवाज ऐकायचा तो मॉनिटर माझ्याकडे सरकवला, त्यावर कोपर टेकला आणि सुरुवात केली.

२

काय गेलं ते कळायला ती वाइन काय होती ते आधी कळायला हवं.

राधिका नुकती बोबडं बोलायला लागली होती तेव्हा अनिल आणि लतिका कॅलिफोर्नियात फिरायला गेले. नापाच्या एका आडबाजूच्या वायनरीत शिरले. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने पोरीचं जन्मवर्ष विचारलं, आत गेला आणि त्याच वर्षीच्या द्राक्षांची कॅबर्ने घेऊन आला. म्हणाला, आत्ता उघडाल तर ही तुमची जीभ सोलून काढेल. हिच्या लग्नाचं ठरेल तेव्हा उघडा.

आता ही दणकट लाल वाइन म्हणजे, सुमेधा, आपल्या कैरीच्या लोणच्याची लांबची बहीण. घातल्या घातल्या खाल्लं तर दात आंबतात. मुरलं की त्याच फोडीसाठी भावंडांत मारामारी. वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा तुरटपणा असतो. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते ना, तसा. बाटली अंधारात, गारव्यात, आडवी पडून राहिली की वर्षानुवर्षांनी तो तुरटपणा गाळ होऊन काचेला धरतो आणि वर उरते मखमल. रंगही बदलतो. कोवळ्या वाइनची कड जांभळी असते, शाईसारखी. मुरलेलीची कड विटेसारखी.

"आणि बाटली आडवीच का?" सुमेधाने विचारलं.

बूच ओलं राहावं म्हणून. बूच वाळलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाइन मरते. अनिलने त्या बाटलीसाठी वेगळा वाइन फ्रीज घेतला. घर बदललं, गाव बदललं, बाटली मांडीवर घेऊन ड्राइव्ह केलं.

"मांडीवर नाही, सीटवर," अनिल म्हणाला.

सीटवर. बेल्ट लावून.

दोन वर्षांपूर्वी राधिकाचं प्रथमेशशी ठरलं. हा तेव्हा ह्यूस्टनला पीएचडी करत होता. साखरपुड्यासाठी याचे आईवडील नागपूरहून निघाले होते, विमानात बसलेसुद्धा होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरणार. आदल्या संध्याकाळी घरच्या घरी बाटली उघडायची असं ठरलं. अनिल, लतिका, राधिका, प्रथमेश, मी आणि केदार.

केदार म्हणजे अनिलचा वाइनमधला जोडीदार आणि वैरी. आयटीवाला. आज तो इथे नाही म्हणून मोकळेपणाने बोलतो. ग्लास हलवायला लागला की शेजारच्याला चक्कर येते. ती बाटली मला दे म्हणून तो अनिलच्या किती वर्षं मागे लागला होता.

अनिलने बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवलेली, गाळ बुडाशी बसावा म्हणून. वरचं वेष्टन सोडवायला गेला तर ते टोपीसारखं अख्खं निघून आलं. मग बूच काढलं. लतिकाने आपलं काचेचं मोठं भांडं आणलं, राधिकाने फोनचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरला, गाळ यायला लागला की थांबता यावं म्हणून. अनिल थेंब थेंब ओततोय. मी नाक पुढे काढून बसलोय.

गाळ आलाच नाही. शेवटच्या थेंबापर्यंत स्वच्छ.

केदारचं आधीच सुरू झालं होतं. "बघ अनिल, आता तंबाखू येईल, ब्लॅककरंटची फळं, सीडरचं लाकूड…" केदारला काय कळतंय! पुस्तकात वाचलेलं म्हणून दाखवतो. तंबाखू कसली? त्या वाइनमध्ये आधी जांभळाची गर्द काळोखी, मग सहाणेवर ओलं चंदन, आणि गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटतं तेव्हा, घशाच्या मागून भाजक्या सुपारीचा वास. त्यालाच लागून जरासा पुदिना. बस्स. तोंडात बराच वेळ कुणीतरी हळू आवाजात गात बसावं तसं.

"काका, तोंडाला पाणी सुटलं," सुमेधा म्हणाली.

सुटणारच. पण त्या संध्याकाळी ते सुख कुणाच्या ओठाला लागलं नाही. अनिलने ग्लास पांढऱ्या नॅपकिनवर तिरका धरला. कड जांभळी. चकचकीत जांभळी. त्याने घोट घेतला, आणि मी डॉक्टर लोकांचे चेहरे पडताना पाहिलेत, पण तसा नाही.

केदारने चाखलं आणि थुंकलं. "हे जॅम आहे! अरे, ही तर ती गॅस स्टेशनवरची, बैलाच्या शिंगांच्या लेबलची." मग तो हळूच प्रथमेशकडे वळला. "तू पॉटलकच्या जेवणांना नेहमी आणतोस ती."

३

कुणीतरी आतली वाइन काढून घेऊन त्या जागी स्वस्तातली भरली होती. कधी? याचं उत्तर सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं, आणि म्हणून सगळे प्रथमेशकडे बघायला लागले.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे वादळ आलं होतं. शुगर लँडची वीज दिवसेंदिवस गेलेली. अनिल आणि लतिका तेव्हा ओहायोत, डब्लिनला रेणू नावाच्या मैत्रिणीकडे. राधिका तिच्या नोकरीच्या गावी. घरात दोनच माणसं. घर सांभाळायला आलेला प्रथमेश, आणि पुण्याहून आलेल्या शैलजाबाई. त्या उकाड्यात तळ्यातली मगर माझ्या ड्राइव्हवेवर येऊन पंख्यासमोर बसली होती. मी तिला मेतकूट-भात घातला.

"काका, नो," राधिका म्हणाली.

तिने मेतकूट ठेवलं, भात खाल्ला. असो.

माझ्याकडे जनरेटर होता. प्रथमेश घामाघूम होऊन आला, काका, अनिलकाकांचा वाइन फ्रीज बंद पडलाय. मी म्हटलं, आण सगळ्या बाटल्या माझ्या गराजमधल्या फ्रीजमध्ये. वीज येईपर्यंत तिथे राहिल्या, मग परत गेल्या. पोराने आभार म्हणून मला एक बाटली आणून दिली. संस्कारी मुलगा. शिंगांचं लेबल, पण भावना बघायची.

तर त्या संध्याकाळी टेबलावर ग्लास तसेच राहिले. अनिल म्हणाला, "प्रथमेश, किल्ली तुझ्याकडे होती. तूच सांग."

"काका, मी हात नाही लावला. खरंच."

"बाटली गेली याचं दुःख मी गिळेन. पण खोटं बोलणारा जावई मला गिळवणार नाही. उद्या तुझे आईबाबा उतरायच्या आत मला खरं कळलं पाहिजे. नाही कळलं, तर मी त्यांना घरी आणून जेवू घालेन, आणि साखरपुडा होणार नाही असं मी स्वतः सांगेन."

राधिका ताडकन उठून वर गेली. वरून दार आपटल्याचा आवाज. प्रथमेश तसाच बसून राहिला, हातात नॅपकिनची घडी घालत आणि उलगडत.

"मी तेव्हा खरंच पळून जाणार होते," राधिका आत्ता म्हणाली.

"मला कोणी सांगितलं नाही," प्रथमेश म्हणाला.

म्हटलं, प्रल्हाद, आता तूच. मी अनिलकडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली.

४

पहिला संशयित केदार. त्याला मी पॅटिओवर गाठलं.

"तुझ्याकडे बुचातून सुई घालून वाइन काढायचं यंत्र आहे ना रे?"

"आहे. म्हणून? काका, वादळात मी इथे नव्हतो. भावाच्या लग्नाला पुण्यात होतो. फोटो दाखवू?"

"फोटो कुणीही दाखवतं."

"बरं, मग हे ऐका. मी चोरली असती तर त्यात हे भरलं असतं? हे? माझी काही इज्जत आहे की नाही? मी निदान दहा वर्षं जुनी भरली असती, कड विटकरी दिसावी म्हणून."

हा मुद्दा बिनतोड होता. चोराला लाज असते, आणि केदारची सगळी लाज वाइनमध्येच आहे. शिवाय सुईने भोक पडतं केसाएवढं. मी बूच तपासलं तर त्यात स्क्रूची दोन भोकं. एक सरळ मधोमध, अनिलचं. दुसरं तिरकं, ओढाताण केलेलं. म्हणजे बूच आधी एकदा काढून परत ठोकलेलं होतं, आणि काढणाऱ्याला या कामाची सवय नव्हती.

"किंवा हात थरथरत होते," अनीश म्हणाला.

किंवा तसं. हुशार आहेस.

मग प्रथमेश. त्याला गराजमध्ये नेलं.

"खरं सांग पोरा. शिंगांच्या किती बाटल्या आणल्या होत्यास?"

"दोन, काका. एक मित्र आले तेव्हा संपली. दुसरी तुम्हालाच तर दिली."

"मला दिलेली मी मटणात घातली. आठव बरं नीट. सेल होता?"

"होता बहुतेक."

"मग तीन घेतल्यास. सेल तीनवर असतो."

बिचारा गोंधळला. "असेल. म्हणजे, पँट्रीत एखादी राहिली असेल. मला तर काका, लाल आणि पांढरी एवढंच कळतं."

हे ऐकलं आणि माझी खात्री पटली, हा नव्हे. ज्याला लाल आणि पांढरी एवढंच कळतं तो जुनी वाइन कशाला चोरेल? आणि चोरलीच तर पॉटलकला नेऊन जगजाहीर केलेली आपलीच वाइन त्यात भरेल?

पण हे अनिलला पुरणार नव्हतं. त्याला माणूस हवा होता. नाव हवं होतं.

आणि उरलं होतं एकच नाव.

५

सकाळी मी ही बाटली उन्हात धरली. अनीश, आण इकडे. बघ, आत एका बाजूला लांबलचक तपकिरी थर दिसतोय? चहाचं पातेलं बिनघासलं राहिलं की कड धरते तसा? हा जुना गाळ. वर्षानुवर्षं आडवी पडल्यावर काचेला असा धरतो. म्हणजे बाटली तीच, अस्सल. बदललंय ते फक्त आतलं. गाळ असा जागच्या जागी राहिलाय, म्हणजे वाइन घाईने ओतलेली नाही, धसमुसळेपणाने नाही, अगदी सावकाश, जपून काढलीय.

"वा," सुमेधा म्हणाली.

मग लेबल बघ. ओल्या फडक्याने पुसून शाई फिकट झालीय. वाइनच्या बाटलीला ओलं फडकं कोण मारतं? आणि अनिलला मी आठवण करून दिली. डब्लिनहून परत आल्यावर तो का ओरडला होता?

"फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या उभ्या होत्या," अनिल म्हणाला. "शैलाताईंनी केलेल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, तेलाची बाटली कुणी आडवी ठेवतं का?"

बरोबर. आता जोडा. वीज गेली. घरात भट्टी. वाइन गरम झाली की फुगते आणि बूच वर ढकलते. राधिकाच्या वयाचं ते बूच, ते वर आलं, कडेने वाइन झिरपली. शैलजाबाईंना फ्रीजमध्ये चिकट ओघळ दिसला. त्यांनी पुसला. बाटल्या उभ्या केल्या. एका बाटलीचं बूच वर आलेलं, म्हणून उघडून वास घेतला असणार. आत बघतात तर गाळ! पुण्याच्या बाईला गाळ म्हणजे नासकं. त्यांनी ती सिंकमध्ये ओतली. मग लेबलवरचं साल वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. आपण काय केलं हे! पँट्रीत प्रथमेशची तिसरी बाटली होती. ती भरली, बूच ठोकलं, वेष्टन वरून चढवलं, आणि पुण्याचं विमान पकडलं.

अनिल तरीही म्हणाला, "काका, हा तुमचा अंदाज आहे. त्यांनी कबूल केलं तर मानेन."

म्हणून मी सगळ्यांसमोर उठलो, फोन घेऊन याच पॅटिओवर आलो आणि दार लावून घेतलं. पुण्यात फोन लावला. काचेतून हे सगळे मला बघत होते. प्रथमेशच्या आईवडिलांचं विमान तेव्हा उतरायला आलेलं. प्रथमेश गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. राधिका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

मी दार उघडून आत आलो आणि मान खाली घातली.

"शैलजाबाई रडल्या," मी म्हणालो. "सगळं कबूल केलं. एकच मागणं केलं. म्हणाल्या, प्रल्हादराव, याउप्पर हा विषय कुणी माझ्यासमोर काढू नये. माझी मान वर होणार नाही."

लतिकाने डोळ्याला पदर लावला.

"ड्रेस होता," लतिका म्हणाली.

ओढणी लावली. अनिलने प्रथमेशचा हात धरला, म्हणाला, माफ कर बाळा, चल, एअरपोर्टला मी ड्राइव्ह करतो. साखरपुडा झाला, लग्न झालं, आज बारसंही झालं. आणि या घरच्यांनी कसा शब्द पाळलाय बघा. एवढ्या काळात शैलजाबाईंना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. उलट त्या येणार म्हटलं की लतिका स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या वरच्या कपाटात सरकवते. तेवढंच.

अनीशने टाळ्या वाजवल्या. सुमेधाने बाटली परत शेल्फवर ठेवली, देवघरात समई ठेवावी तशी.

६

मागे सरकतं दार उघडंच होतं. त्यात शैलजाबाई उभ्या होत्या. एका हातात बाळाची दुधाची बाटली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा बाटली घासायचा ब्रश.

"प्रल्हादराव," त्या म्हणाल्या, "कोपर उचला."

"अं?"

"मघापासून तुमचा कोपर त्या मॉनिटरच्या बोलायच्या बटणावर आहे. वर बाळाच्या उशाशी तुमचं कीर्तन चाललंय. मगरीपाशी दचकून उठलं, ते आत्ता कुठे झोपलं."

मी कोपर उचलला. हिरवा दिवा विझला.

"ताई," लतिका उठली, "आम्ही तुला कधी काही बोललो का? कुणी मनात नाही ठेवलं गं."

"बोलला नाहीत तिथेच तर घोळ झाला. मला वाटायचं, मी आले की ही बाई व्हिनेगरसुद्धा का लपवते! म्हटलं, माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांना चालत नसेल." त्या पुढे आल्या. "बाटल्या मी उभ्या केल्या. फडकं मी मारलं. ते माझं, कबूल. आता बाकीचं. तुमचा फोन आला होता, प्रल्हादराव. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली. म्हटलं कुणाचं काय झालं. तुम्ही मला विचारलंत, साबुदाणा किती वेळ भिजत घालायचा."

"साबुदाणा?" अनिल म्हणाला.

"आणि मी रडले नाही. मी ओरडले."

"शैलजाबाई, झोपेत माणसाला आठवत नाही…" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेल्फवरून बाटली घेतली, उन्हात धरली, आतल्या तपकिरी थरावरून बाहेरून बोट फिरवलं.

"प्रथमेश, हे आत काय चिकटलंय?"

"गाळ, मावशी. जुन्या वाइनचा. काकांनी त्यावरूनच तर सगळं…"

"म्हणजे जुनी काढली, नवी भरली, आणि मध्ये बाटली विसळलीसुद्धा नाही." त्यांनी ब्रश बहिणीकडे रोखला. "लतिका, तू सांग. न धुतलेल्या बाटलीत मी आयुष्यात कधी काही भरलंय?"

लतिका अगदी हळू म्हणाली, "पाणीसुद्धा नाही. तू दुकानातून आणलेली कोरी बाटलीसुद्धा तीनदा धुतेस."

"माझ्या हातून गेली असती तर हा थर राहिला असता?"

माझी नजर कुंपणातल्या माझ्या फाटकाकडे गेली आणि ते मला नेहमीपेक्षा लांब वाटलं.

"काका," प्रथमेश सावकाश म्हणाला, "मग तिसरी बाटली नव्हतीच. मी दोनच आणल्या होत्या. आणि दुसरी तुमच्याकडे होती. आणि ही पण तेव्हा तुमच्याच फ्रीजमध्ये होती."

"अरे, सेल तीनवर…"

"काका, सीरियसली?" राधिका म्हणाली. "मी त्या दिवशी बॅग भरली होती!"

"तुझं लग्न मीच वाचवलं ना पोरी! बूच वर आलेलं होतं, म्हणजे असणार, ती वाइन तशीही आठवडाभर टिकली नसती, आणि…"

"प्रल्हादराव," शैलजाबाई म्हणाल्या, आणि माझ्या समोरच्या टेबलावर त्यांनी ती बाटली टक्कन ठेवली. "त्या संध्याकाळी खरी वाइन कुणाच्याच ओठाला लागली नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग केदारचं चुकलं, तंबाखू नाही, भाजकी सुपारी, हे तुम्हाला कुणाच्या जिभेने कळलं? मला चोर ठरवून तुम्ही प्यायलात ती!"

अनिल उठला. मी खुर्चीत मागे सरकलो. त्याने आपली खुर्ची ओढली, थेट माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली आणि बसला.

"काका, तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर शैलाताईंचे पाय धरणार आहात, ते आहेच," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "पण त्याच्या आधी मला नीट सांगा. पुदिना सुपारीच्या आधी आला, का नंतर?"